डिझेल गाडीचं ॲव्हरेज नेमकं कसं काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डॅशबोर्ड लिटरला 19.7 किलोमीटर दाखवतो. टाकी फुल्ल करून हिशेब केला तर एकदा 16 च्या आसपास येतं, पुढच्याच खेपेला 21. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायच्या खाचेला) जोडलेलं मोबाइल ॲप तर 9 च्या पुढे जायला तयार नाही. यातलं खरं कोणतं मानायचं?

यातला एकही आकडा आहे तसा धरू नका. प्रत्येक आकडा वेगळ्या कारणाने चुकतोय. टाकीच्या हिशेबातली चूक आपल्या हातात आहे, म्हणून आधी ती आवरू आणि मग तिच्या आधाराने डॅशबोर्ड ताळ्यावर आणू. ॲप डिझेल गाडीसाठी बहुतेकदा निरुपयोगी असतं. त्याचं कारण पुढे येईलच.

टाकी ते टाकी या पद्धतीत किलोमीटर फारसे चुकत नाहीत. पंपाचं मीटरही फारसं चुकत नाही. इंधन पंपांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मोजमाप नियमांत पडताळणीच्या वेळी अर्ध्या टक्क्याची मुभा असते आणि 35 लिटरला ती 175 मिलिलिटर होते. मोठी चूक होते ती ‘फुल्ल’ कशाला म्हणायचं यात. गाडीची टाकी पसरट असते. वरचा पृष्ठभाग 80 सेंटिमीटर लांब आणि 50 सेंटिमीटर रुंद धरला तर पातळीतला एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे 4 लिटर. गाडी एक अंशाने जरी कलंडलेली असली तरी 80 सेंटिमीटरच्या लांबीत पातळी एका टोकाला 1.4 सेंटिमीटर वर जाते आणि दुसऱ्या कोपऱ्यात हवा अडकून राहते. पंपाच्या आवारात पाणी वाहून जावं म्हणून उतार ठेवलेला असतोच. त्यामुळे त्याच पंपावर गाडी उलट्या तोंडाने लावली तरी लिटर-दोन लिटर इकडचे तिकडे होतात.

त्यात डिझेलचा फेस. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. त्यातून हवा ओढली जात असते तोवर प्रवाह चालू राहतो. छिद्र द्रवाने किंवा फेसाने झाकलं की आतली निर्वात पोकळी वाढते आणि झडप खटकन बंद होते. पेट्रोलला फेस कमी येतो आणि लवकर बसतो, डिझेलला भरपूर येतो आणि तो रेंगाळतो. म्हणून पूर्ण वेगाने भरताना पहिला ऑटो-कट फेसाचा असतो, डिझेलच्या पातळीचा नव्हे. तो किती लवकर येईल हे प्रवाहाच्या वेगावर, नोझल किती आत खुपसलंय यावर आणि टाकीतलं डिझेल किती गरम आहे यावर ठरतं.

म्हणून भरण्याची पद्धत एकदा ठरवा आणि ती बदलू नका. पंप तोच, नोझल तेच, गाडीचं तोंड त्याच दिशेला आणि चाकं त्याच जागी. ट्रकसाठीच्या मोठ्या प्रवाहाच्या नोझलकडे जाऊ नका. नोझल पूर्ण आत घाला आणि शक्यतो खटक्याच्या सर्वांत कमी वेगावर भरायला सांगा. पहिला कट पडला की दोन मिनिटं थांबा, फेस बसू द्या. मग पुन्हा हळू वेगाने दुसऱ्या कटापर्यंत भरा आणि तिथेच थांबा. रक्कम गोल करायला वरून अर्धा लिटर घालू देऊ नका. हिशेब बिघडवणारी सर्वांत नेहमीची सवय हीच. पावतीवरचे लिटर दोन दशांशांपर्यंत लिहून घ्या आणि ओडोमीटरचा आकडा तिथेच, गाडी हलवण्याआधी टिपा. ट्रिप मीटर चुकून शून्य होतो, ओडोमीटर होत नाही.

याहून काटेकोर हवं असेल तर फिलर नेकमध्ये (टाकीच्या तोंडाच्या नळीत) डिझेल दिसेपर्यंत भरायचं. नेकचा व्यास साधारण 5 सेंटिमीटर असला तर तिथे एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे जेमतेम 20 मिलिलिटर. टाकीच्या पसरट भागात तोच फरक 4 लिटरचा होता, तेव्हा फायदा उघड आहे. पण याला दोन अटी आहेत. पहिली, टाकीतली हवा पूर्ण बाहेर पडायला हवी. काही गाड्यांच्या नेकमध्ये त्यासाठी एक लहान झडप असते, ती दाबली नाही तर वरची जागा रिकामी राहते. दुसरी, ती रिकामी जागा डिझेलच्या प्रसरणासाठी मुद्दाम सोडलेली असते. डिझेल दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.083 टक्के फुगतं. 50 लिटर डिझेल 15 अंशांनी तापलं की 600 मिलिलिटरहून जास्त जागा मागतं. त्यामुळे काठोकाठ भरलेली गाडी उन्हात उभी करायची नाही, पंपावरून निघून सलग वीस-तीस किलोमीटर तरी चालवायची. हे जमणार नसेल तर दुसऱ्या कटाची पद्धतच बरी. सांडलेलं डिझेल टायरखाली आलं की पकड जाते आणि पेट्रोलसारखं ते उडूनही जात नाही.

इतकं करूनही प्रत्येक भरण्यात लिटरभराची अनिश्चितता उरतेच. ती घालवता येत नाही, मोठ्या बेरजेत बुडवता येते. उदाहरण घेऊ. ओडोमीटर 42,310 असताना टाकी फुल्ल केली. पुढच्या चार खेपा अशा झाल्या: 42,912 ला 31.8 लिटर, 43,480 ला 34.1, 44,105 ला 29.9 आणि 44,700 ला 33.0. एकेका खेपेचं ॲव्हरेज काढलं तर 18.9, 16.7, 20.9 आणि 18.0 येतं. दुसरा आकडा पाहून मेकॅनिककडे धाव घ्यावीशी वाटेल आणि तिसरा पाहून मित्रांना सांगावंसं वाटेल. दोन्ही बिनकामाचे. दुसऱ्या खेपेला टाकी जरा जास्त भरली गेली आणि तेच वाढीव डिझेल तिसऱ्या खेपेत वापरलं गेलं, इतकाच त्याचा अर्थ. दोन्ही एकत्र केल्या तर 1,193 किलोमीटरला 64.0 लिटर, म्हणजे 18.6.

एक खेप कमी आणि लगेच पुढची जास्त, अशी जोडी दिसली की ती भरण्याची चूक समजावी. गाडीतला दोष असा एका टाकीपुरता येऊन पुढच्या टाकीत भरपाई करून जात नाही.

संपूर्ण हिशेब 2,390 किलोमीटर आणि 128.8 लिटर, म्हणजे 18.56. मधल्या भरण्यांच्या चुका आपोआप एकमेकींना कापतात, उरतात फक्त पहिली आणि शेवटची. दोन्हीकडे एकेक लिटर विरुद्ध दिशेने चुकलं असं वाईटात वाईट धरलं तरी 128.8 मध्ये 2 लिटर म्हणजे दीड टक्का. तीच चूक एकाच 32 लिटरच्या खेपेत सहा टक्के होते, आणि दहा लिटर टाकून ॲव्हरेज काढणाऱ्यांच्या बाबतीत वीस. यामुळेच ‘दहा लिटर टाकले आणि रिझर्व्हचा दिवा लागेपर्यंत चालवली’ ही पद्धत मी मोजमापात धरतच नाही. दिव्याचा तरंगता फ्लोट चढ-उतारावर आणि वळणावर हलतो, त्यामुळे दिवा कधी पाच किलोमीटर आधी लागतो तर कधी पंधरा किलोमीटर नंतर. शिवाय डिझेल गाडी कोरडी पडणं महागात जातं. उच्चदाब पंपाला वंगण डिझेलचंच असतं. हवा शिरली की लाइन ब्लीड करावी, म्हणजे तिच्यातली हवा काढावी लागते आणि पंपाच्या धातूचा चुरा सुटला तर तो इंजेक्टरपर्यंत पोहोचतो.

खेपांच्या ॲव्हरेजची सरासरी काढू नका, नेहमी एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा. वरच्या उदाहरणात फरक किरकोळ आहे, पण शहर आणि हायवे मिसळले की तो मोठा होतो. शहरात 300 किलोमीटर 12 ने आणि हायवेला 300 किलोमीटर 24 ने गेलात तर सरासरी 18 नाही, 16 आहे, कारण लिटर 25 आणि 12.5 मिळून 37.5 लागले. तुलनाच करायची असेल तर 100 किलोमीटरला किती लिटर हे माप जास्त प्रामाणिक. 10 वरून 12 ला जाणं आणि 24 वरून 26 ला जाणं कानाला सारखंच वाटतं, पण पहिल्यात 100 किलोमीटरमागे 1.67 लिटर वाचतात, दुसऱ्यात 0.32.

आता किलोमीटर. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त वेग दाखवेल असा बनवतात, कमी दाखवायला त्याला नियमानेच बंदी असते. त्यावरून ओडोमीटरही तितकाच चुकतो असा निष्कर्ष काढू नका, त्याची मोजणी वेगळी असते. त्याची चूक मुख्यतः टायरमुळे येते. 185/65 आर15 टायरचा व्यास 621.5 मिलिमीटर, तर 195/65 आर15 चा 634.5. नुसता टायर रुंद केला तरी प्रत्येक फेऱ्यात गाडी दोन टक्के जास्त जाते आणि ओडोमीटरला ते कळत नाही. झिजेचंही तसंच, फक्त उलट दिशेने: 8 मिलिमीटरचा ट्रेड (टायरच्या नक्षीची खोली) 2 वर आला की त्रिज्या 6 मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ दोन टक्क्यांनी घटते आणि ओडोमीटर तेवढा जास्त पळतो. ‘नवे टायर घातल्यापासून ॲव्हरेज पडलं’ या तक्रारीतला बराच भाग इथला असतो. आधीचे किलोमीटर फुगलेले होते. उरलेला भाग मात्र खरा, कारण खोल ट्रेडचं नवं रबर जास्त लवचतं आणि लोळण-रोध (टायर फिरताना होणारा अडथळा) वाढतो.

ओडोमीटर तपासायला सरळ हायवेवरचे किलोमीटर दगड किंवा जीपीएस चालतं. अंतर 50 किलोमीटर तरी घ्या. कमी अंतरात वाचनाची चूकच मोठी होते. जीपीएस वळणावळणाच्या रस्त्यावर कोपरे कापून मोजतं आणि बोगद्यात अंदाजाने जातं, म्हणून रस्ता सरळ हवा. ओडोमीटरने 50.9 दाखवलं आणि प्रत्यक्षात 50.0 भरलं तर गुणक 0.982. वरच्या 18.56 चं खरं ॲव्हरेज मग 18.2 होतं. टायर बदलले की हा गुणक नव्याने काढायचा.

डॅशबोर्डचा आकडा कुठून येतो? ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, टाकीकडे बघतही नाही. प्रत्येक इंजेक्शनला किती मिलिग्रॅम डिझेल सोडायचा हुकूम दिला याची बेरीज करून, ठरावीक घनतेने त्याचे लिटर करून तो दाखवतो. हुकूम आणि प्रत्यक्ष यांत फरक पडतो. एकेका स्ट्रोकला मुख्य फवाऱ्याआधी एक-दोन घन मिलिमीटरचे पायलट फवारे असतात आणि इतक्या लहान मात्रेत इंजेक्टरची थोडी झीजही मोठी ठरते. इंजेक्टर बदलून त्याचा कॅलिब्रेशन कोड ईसीयूत भरला नसेल तर बेरीज आणखी सरकते. डिझेलची घनताही एक नसते. युरोपीय ईएन 590 मानकात 15 अंशांना ती प्रतिघनमीटर साधारण 820 ते 845 किलो अशी धरतात, म्हणजे सुमारे तीन टक्क्यांची रुंदी.

पण ही चूक बरीचशी एकाच दिशेची आणि स्थिर असते, आणि म्हणूनच डॅशबोर्ड टाकाऊ नाही. टाकीचा हिशेब सुरू करताना लाँग-टर्म ॲव्हरेज रीसेट करा आणि चार-पाच खेपा त्याला हात लावू नका. वरच्या 2,390 किलोमीटरना डॅशबोर्डने 19.7 दाखवलं म्हणजे त्याने 121.3 लिटर मोजले. प्रत्यक्षात लागले 128.8. तो लिटर 5.8 टक्के कमी मोजतोय. तुलना ओडोमीटरच्या न सुधारलेल्या आकड्याशीच करायची, कारण डॅशबोर्डही तेच किलोमीटर वापरतो. सुधारलेला आकडा घेतलात तर टायरची चूक इंजेक्टरच्या माथी बसेल. हा गुणक (इथे 18.56 भागिले 19.7, म्हणजे 0.942) एकदा मिळाला की 40-50 किलोमीटरच्या तुलनेसाठी डॅशबोर्ड हे टाकीपेक्षा चांगलं साधन आहे, त्याला फेस येत नाही.

ॲपची गोष्ट वेगळी. पुष्कळ ॲप इंजिनात किती वजनाची हवा जाते ते मोजणाऱ्या मासफ्लो सेन्सरचा आकडा घेतात आणि त्याला 14.7 ने भागून इंधन काढतात. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन जवळजवळ याच प्रमाणात जातात, म्हणून तिथे हे जमतं. डिझेल इंजिनात ताकद हवेने नव्हे, इंधनाच्या मात्रेने कमी-जास्त होते. हवा भरपूर आत येतच असते. पूर्ण भाराला हे प्रमाण 20 च्या आसपास, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) 60 च्याही वर. दीड लिटरचं इंजिन 800 आरपीएमवर आयडल असताना सेकंदाला साधारण 11 ग्रॅम हवा ओढतं. ॲपच्या गणिताने त्याचे तासाला तीन लिटरहून जास्त होतात. खरा खप अर्धा-पाऊण लिटर असतो. ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडला की ताजी हवा कमी होते आणि गाडी जास्त ‘काटकसरी’ दिसते, खप मात्र तोच. ॲपमध्ये इंधनप्रकार डिझेल निवडल्याने 14.7 च्या जागी 14.5 येतं, मूळ घोळ तसाच राहतो. गाडी ‘इंजिन फ्यूएल रेट’ हा ओबीडी आकडा थेट देत असेल, म्हणजे ओबीडीच्या यादीतला पीआयडी (आकड्याचा क्रमांक) 5ई, तरच ॲप वापरा. तोही ईसीयूचाच, तेव्हा त्यालाही डॅशबोर्डसारखाच गुणक लावा.

कोणी इंधनाच्या लाइनमध्ये फ्लोमीटर (प्रवाह मोजणारं मीटर) बसवायला सांगेल. डिझेलमध्ये पंपाकडे जाणारं सगळं इंधन जळत नाही. बराचसा भाग पंप आणि इंजेक्टरमधून गरम होऊन रिटर्न लाइनने टाकीत परत जातो. एकच मीटर बसवलं तर खप कितीतरी जास्त दिसतो. जाणारं आणि येणारं अशी दोन मीटर बसवली तरी परतीचं इंधन तापून फुगलेलं असतं, त्याची तापमान दुरुस्ती करावी लागते, आणि दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत लहान चुका मोठ्या होतात. बाहेरची बाटली जोडून, ती वजन करून मोजणं कार्यशाळेत होतं, पण घरी कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना उच्चदाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) लाइन सोडू नयेत. रेलमधला दाब 1,600 बारच्या घरात असतो आणि पुरवठ्यात शिरलेली हवाही पंपाला बाधते. प्रमाणपत्रासाठीच्या प्रयोगशाळा इंधन मोजतच नाहीत. एक्झॉस्टमधल्या कार्बनच्या संयुगांवरून उलट हिशेब करतात.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत आणखी एक पाहुणा असतो, रिजनरेशन. फिल्टरमध्ये काजळी साठली की ईसीयू जादा पोस्ट-इंजेक्शन (मुख्य फवाऱ्यानंतरचा फवारा) देऊन तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत नेतो आणि दहा-वीस मिनिटं ती जाळतो. आयडल जरा वर जातं, गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा फिरत राहतो, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, तात्कालिक खप एकदम वाढतो. हजारो किलोमीटरच्या हिशेबात हे डिझेल मोजायलाच हवं, कारण तो गाडीचा खराच खप आहे. 50 किलोमीटरच्या चाचणीत मात्र एक रिजनरेशन सगळं वाहून नेतं. ती फेरी बाद करून दुसऱ्या दिवशी घ्या. गाडी मध्येच बंद करू नका, अर्धवट रिजनरेशनचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

टायरमधली हवा, ॲडिटिव्ह (डिझेलमध्ये मिसळायचं द्रव), एअर फिल्टर असल्या बदलाचा परिणाम मोजायचा असेल तर ‘आधी एक टाकी, नंतर एक टाकी’ हे निरर्थक आहे. दोन टक्के फरक पकडायला दोन्ही बाजूंना दोनशे लिटर तरी हवेत. किंवा एकच सपाट मार्ग, 30-40 किलोमीटर जाऊन परत, म्हणजे वाऱ्याचा परिणाम बराचसा कापला जाईल. इंजिन आधी वीस मिनिटं चालवून गरम केलेलं, क्रूझ कंट्रोलवर एकच वेग, एसी दोन्ही वेळा सारखा. क्रम बदलापूर्वी, बदलानंतर, पुन्हा बदलापूर्वी असा ठेवा. पहिली आणि तिसरी फेरी एकमेकींशी जुळली नाही तर मधल्या फेरीला अर्थ नाही. ॲडिटिव्हमध्ये हा क्रम पाळणं कठीण, कारण ते टाकीतून काढता येत नाही. त्यात लोक ते एखादी वाईट टाकी गेल्यावर टाकतात. पुढची टाकी तशीही सुधारणार असते, आणि श्रेय बाटलीला मिळतं.

नोंदवहीत किलोमीटर, लिटर आणि तारखेबरोबर डॅशबोर्डवरचा सरासरी वेग लिहायला विसरू नका. बाकीच्या सगळ्या रकान्यांपेक्षा हा जास्त सांगतो. ताशी 18 च्या सरासरीने 600 किलोमीटर जायला 33 तास लागतात. त्यातले अकरा तास सिग्नलला उभे राहण्यात गेले तर ताशी 0.6 लिटरने साडेसहा लिटर तिथेच संपले. उलट हायवेवर 80 ऐवजी 100 ने गेलात तर हवेचा रोध 1.56 पट होतो. थंडीचे महिने उन्हाळ्याशी ताडून पाहू नका. दहा अंश कमी तापमानात हवा तीन टक्के घट्ट असते आणि इंजिन गरम व्हायला वेळ घेतं.

सरासरी वेग तोच असूनही लागोपाठ तीन खेपा सात-आठ टक्के कमी आल्या, आणि वर सांगितलेली वर-खाली जोडी नसेल, तर मात्र गाडीत बघण्यासारखं काही आहे. गाडी थंड असताना टायरचा दाब पाहा. सपाट हायवेवरून आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन बघा, स्पर्श न करता. एक चाक इतरांपेक्षा खूप तापलेलं असेल तर ब्रेक धरून ठेवतोय. कूलंटचं तापमान ओबीडीवर 80 च्या खालीच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघडणारी-मिटणारी झडप) उघडा अडकलाय, आणि त्यामुळे रिजनरेशनही नीट पूर्ण होत नाही. रिजनरेशन पूर्वीपेक्षा फार लवकर लवकर होत असेल, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसत असेल, तर इंजेक्टरची करेक्शन मूल्यं (ईसीयू प्रत्येक इंजेक्टरच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती) आणि डीपीएफचा प्रेशर सेन्सर तपासून घ्या. ऑइल कमाल खुणेच्या वर गेलं असेल तर ते बदलेपर्यंत गाडी लांब पळवू नका.